झाड वरून नाही, खालून पडतं

वर्सोव्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंनी विचारलं आहे. इमारत समुद्रापासून दोनेकशे मीटरवर. आवारात दोन मोठे रेनट्री, एक गुलमोहर, एक जुना आंबा, सात नारळ, मागच्या भिंतीलगत अशोकांची रांग आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत घुसलेला एक बदाम. २०२१ च्या तौक्ते वादळात त्यांचा सोनमोहर मुळासकट उपटून दोन गाड्यांवर पडला. तेव्हापासून मे महिना आला की कमिटीत दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळी झाडं अर्ध्यावर आणा. दुसरा म्हणतो, झाडाला हात लावायचा नाही. यंदा एका ठेकेदाराने ‘छाटणी फुकट, लाकूड आमचं’ असा प्रस्ताव दिलाय. काय करावं?

ताई, पडलेल्या सोनमोहराचा फोटो तुम्ही सोबत पाठवलात ते बरं केलंत. तुमचं उत्तर त्या फोटोतच आहे. झाड उपटलं की मुळांची गोल थाळी मातीसकट उभी राहते. तुमच्या फोटोत ती थाळी गोल नाही. दक्षिणेच्या बाजूने ती वडीच्या कडेसारखी सरळ कापलेली दिसते आणि मनगटाएवढ्या मुळांची टोकं सपाट आहेत. वाऱ्याने तुटलेलं मूळ असं दिसत नाही, त्याचे तंतू चिरफाळतात. सपाट टोक कुदळीने नाहीतर जेसीबीने येतं. तुम्हीच लिहिलंय की २०१९ मध्ये दक्षिणेच्या भिंतीलगत ड्रेनेजची नवी लाइन टाकली. तौक्ते मुंबईच्या पश्चिमेला, समुद्रातून उत्तरेकडे सरकलं. त्यामुळे १७ मे रोजी आपल्याकडे वारा दक्षिणेच्या अंगाने आला आणि कुलाब्याला त्याने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूची मुळं तंबूच्या दोरीसारखी झाडाला मागून धरून ठेवतात. तुमच्या सोनमोहराची नेमकी तीच दोरी दोन वर्षं आधी कापली गेली होती. वादळाने फक्त हिशेब पूर्ण केला.

मुंबईतल्या सोसायट्यांची झाडं बघायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. मुळासकट पडलेलं झाड बघायला गेलो की मी आधी वर बघत नाही. मागच्या चार-पाच वर्षांत इथे काय खणलं, ते विचारतो. पाण्याची टाकी, गॅसची लाइन, पेव्हर ब्लॉक, पार्किंगचं काँक्रीट, यातलं काहीतरी निघतंच. म्हणून तुमच्या दोन्ही तटांना माझं एकच सांगणं आहे. तुम्ही दोघंही वर बघून भांडताय. आधी खाली बघा.

बहुतेक लोकांच्या डोक्यात झाडाचं चित्र असं असतं की वर जेवढं, तेवढंच खाली खोल. तसं नसतं. मोठ्या झाडाची बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फुटांच्या मातीतच असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेर आडवी जातात. आपल्या किनाऱ्याला, भरणी घातलेल्या जमिनीत आणि वर आलेल्या पाण्यात, ती आणखी उथळ राहतात. बुंध्याच्या जवळची जाड मुळं झाड उभं ठेवतात, लांबची बारीक मुळं त्याला पाणी-अन्न देतात. माझा हिशेब असा: छातीच्या उंचीवर खोडाची जाडी मोजायची. त्याच्या तिप्पट अंतराच्या आत कोणत्याही कारणासाठी खणायचं नाही. दहा-बारा पट अंतर मोकळं ठेवता आलं तर उत्तम. तुमच्या मोठ्या रेनट्रीचं खोड ८० सेंटिमीटर आहे, म्हणजे अडीच मीटरच्या आत कुदळ लागताच कामा नये. प्लंबर म्हणेल, ‘एवढंसं मूळ आहे, मारून टाकतो.’ लाइन वळवून न्यायला सांगा. पाइप वाकतो, मूळ पुन्हा जोडता येत नाही.

आणि बुंध्याला गच्च भिडलेलं ते काँक्रीट. फोटोत गुलमोहराभोवती चौकोनी कट्टा बांधून वर टाइल्स लावलेल्या दिसतात. बसायला छान आहे, कबूल. पण कट्ट्याच्या आत दीड फूट माती भरून बुंधा गाडलाय. बुंध्याची साल मुळाच्या सालीसारखी नसते. सतत ओल्या मातीत राहिली की ती कुजते, आणि हे कुजणं टाइल्सच्या आड कोणाला दिसत नाही. कट्टा फोडा. भरलेली माती हाताने, खुरप्याने काढा, फावडं नको. खोड जमिनीजवळ जिथे भांड्याच्या बुडासारखं रुंदावतं तो भाग उघडा पडला पाहिजे. चारही बाजूंनी निदान एक-एक मीटर जागा मोकळी ठेवा. बसायला बाक आणा, वेगळा. ज्येष्ठ मंडळी चिडतील ती पंधरा दिवस.

आता तपासणी. यासाठी दरवेळी माझ्यासारख्याला बोलवायची गरज नाही. दर वर्षी ऑक्टोबरात आणि मेच्या सुरुवातीला, वर्षातून दोनदा, तुम्ही आणि तुमचा माळी मिळून करा. घरात धुणं बडवायची जुनी लाकडी मोगरी असेल तर ती घ्या. बुंध्याला जमिनीपासून सहा फुटांपर्यंत गोल फिरत हलकेच ठोका. भरीव लाकूड ‘टक्’ वाजतं आणि हाताला उलटा धक्का देतं. पोकळ जागा ‘ढब्’ वाजते, पिकलेल्या फणसासारखी. अशी जागा सापडली की खडूने वर्तुळ काढा, तारखेसकट फोटो घ्या. पोकळ म्हणजे लगेच धोकादायक, असं नाही. मुंबईत ढोली असलेली कितीतरी झाडं दशकानुदशकं उभी आहेत. भोवतीचं निरोगी लाकूड पुरेसं जाड असेल तर पोकळ खोडही पाइपासारखं ताकद धरतं. पण वर्तुळ दर वर्षी मोठं होत असेल, किंवा बुंध्याला मुळाजवळ कडक, शिंपल्यासारखी बुरशी फुटली असेल, तर थांबू नका, जाणकाराला बोलवा. त्या बुरशीचा आतला कारभार बाहेर दिसते त्याच्या कितीतरी पट असतो.

बुंध्याभोवतीची माती बघा. वाऱ्याच्या बाजूला जमिनीला अर्धवर्तुळाकार भेग पडली असेल, किंवा पेव्हर उचलले गेले असतील आणि झाड पूर्वीपेक्षा झुकल्यासारखं वाटत असेल, तर खालच्या गाड्या त्याच दिवशी हलवा आणि लोकांना तिथून जाऊ देऊ नका. उलट, एखादं झाड लहानपणापासून तिरकं वाढून पुढे वळून सरळ झालं असेल, तर त्याला वाकडं म्हणून कापायचं कारण नाही. त्याने आपला तोल वर्षानुवर्षं सांभाळलाय. तुमचा आंबा तसाच आहे. त्याच्या बुंध्याशी मात्र लाकडाचा भुसा पडलेला दिसतोय. ती भिरूड आहे, खोड पोखरणारी अळी. पावसाआधी छिद्र शोधून तारेने अळी काढायला सांगा आणि छिद्र बुजवा, नाहीतर चांगल्या फांद्या आतून भुगा होतील.

छाटणीकडे आता येतो, कारण तुमच्या कमिटीला तेच ऐकायचंय.

अर्ध्यावर आणणं, म्हणजे झाड बोडकं करणं, हा सगळ्यात वाईट उपाय आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून शेंड्याचा भार थोडा कमी करणं योग्यच आहे. पण मोठ्या फांद्या मधूनच आडव्या तोडल्या की झाड घाबरतं म्हणा ना, आणि प्रत्येक ठुंठ्यातून दहा-दहा पाणसोट सोडतं. हे फुटवे सालीखालच्या पातळ थरातून निघतात, लाकडात त्यांची पकड नसते. तीन पावसाळ्यांत ते चार-पाच मीटर लांब होतात, आणि तोवर मधला ठुंठा कुजायला लागलेला असतो. दादरच्या एका सोसायटीने २०१७ मध्ये माझं न ऐकता रेनट्री असा बोडका केला होता. ५ ऑगस्ट २०२० ला, ज्या दिवशी कुलाब्यात ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा सुटला, त्या झाडाचे चार पाणसोट गेटवर आले. झाड उभंच होतं. पडला तो फक्त छाटणीनंतर आलेला माल.

माझीही एक चूक सांगतो. तरुणपणी मला वाटायचं, आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ केल्या की वारा आरपार जाईल. माहीमला एका मोठ्या झाडाच्या फांद्या मी अशाच आतून चाटूनपुसून साफ केल्या, टोकाला फक्त झुपके ठेवले. सिंहाच्या शेपटीसारखं दिसायचं. सगळ्यांनी कौतुक केलं, केवढा उजेड आला म्हणून. पुढच्याच जूनमध्ये एक लांब फांदी बेचक्यापासून नाही, मध्येच कडाडून मोडली. सुदैवाने रात्र होती, खाली कोणी नव्हतं. मग डोकं चाललं. आतल्या बारीक फांद्या वेगवेगळ्या तालात हलतात आणि एकमेकींचा झोका मोडतात. त्या काढल्या की सगळं वजन टोकाला जातं आणि फांदी मासे धरायच्या गळाच्या काठीसारखी डोलते. शिवाय फांदी जाड व्हायला तिच्या अंगावर पानं लागतात. ती आम्हीच काढून घेतली होती. ठेकेदाराच्या माणसांना ही सवय फार आहे, कारण खोडाला चिकटून उभं राहून हाताला लागतील त्या फांद्या मारणं सोपं. टोकापर्यंत दोरावर जाणं कष्टाचं.

योग्य काम उलटं आहे. टोकाचं वजन कमी करायचं, आत हात लावायचा नाही. लांब फांदीचा शेंडा मागे आणताना, जिथे कापायचं तिथे बाजूला निघालेली एक उपफांदी असली पाहिजे, कापल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची. मग पुढची सूत्रं ती घेते, ठुंठा राहत नाही. आधी वाळलेल्या, तुटून अडकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. बेचक्यात साल आत दबलेली असेल, इंग्रजी व्ही सारखा अरुंद कोन असेल, तर त्यातली कमी महत्त्वाची फांदी आखूड करायची. एका वर्षात हिरव्या पसाऱ्यातला चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा. म्हाताऱ्या झाडाला तेवढंही जास्त. काम झाल्यावर खाली उभ्या माणसाला झाड छाटलंय हे पटकन कळलंच नाही, तर समजा हात चांगला होता. कमिटीला मात्र वाटतं पैसे वाया गेले. याला माझ्याकडे औषध नाही.

एक काप जवळून दाखवतो, कारण इथेच सगळे घोळ होतात. गुलमोहराची मांडीएवढी फांदी आहे असं धरा. हातात करवत घेऊन वरूनच कापायला सुरुवात केली, तर दोन तृतीयांश कापून होईतो फांदी स्वतःच्या वजनाने खाली झुकते आणि खोडाची साल हातभर सोलून घेऊन जाते. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, ते तर फारच वाईट फाटतं. म्हणून तीन काप. पहिला, खोडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, फांदीच्या पाव जाडीपर्यंत. करवत अडकायला लागली की थांबायचं. दुसरा, त्याच्या दोन इंच पुढे, वरून खाली. फांदी पहिल्या कापापर्यंत येऊन स्वच्छ सुटते, साल सोलली जात नाही. आता उरला फूटभर ठुंठा, वजन नसलेला. तिसरा काप निवांत घ्यायचा. फांदी जिथे खोडातून निघते तिथे सालीला सुरकुत्या पडून एक फुगीर कडी झालेली असते. आम्ही तिला कॉलर म्हणतो. काप तिच्या बाहेरून, पण लगतच. कॉलर कापायची नाही आणि पुढे टोकही सोडायचं नाही. बोटाने चाचपलं तरी ती कडी लागते. पुढच्या वर्षी जखमेभोवती भाकरीच्या काठासारखी साल चारही बाजूंनी आत येताना दिसली, की काप बरोबर बसला. ती नुसती दोन बाजूंनीच आली, तर खोडालगत फार आत कापलंय.

जखमेवर डांबर, ऑइल पेंट फासू नका. अमेरिकेच्या वन खात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून बघितली आणि दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालून तिला बंदिस्त करतं. वरून लावलेला रंग ओल आत कोंडतो आणि बुरशीची सोय करतो. आंब्याला मात्र मोठा काप घेतला तर मी बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. कोकणातली जुनी पद्धत आहे, आपल्या दमट हवेत आंब्याला मानवते, एवढंच माझं समर्थन.

कधी छाटायचं? मे महिना ही सगळ्यात चुकीची वेळ आहे, आणि अख्खी मुंबई तेव्हाच छाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं साठवलेलं सगळं खर्चून नवी पालवी काढतात. त्यानंतर लगेच ती कापली तर झाडाची शिल्लक शून्यावर येते. उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते. आणि घाईने आलेले कोवळे फुटवे नेमके जूनच्या वाऱ्यात सापडतात. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीपासून जानेवारीपर्यंत, हे काम करा. माणसंही तेव्हा मिळतात, दरही बोलता येतो. वाळलेली फांदी मात्र दिसेल त्या दिवशी काढायची, तिला मुहूर्त लागत नाही. आणि कोणत्याही महिन्यात करवत लावण्याआधी घरटी बघा. कावळे उन्हाळ्यात घरटी करतात, बगळे आणि ढोकरी पावसाळ्यात रेनट्रीवर वसाहत करून राहतात. पिल्लं असलेली फांदी तोडली तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी ती चिमुकली हाडं खाली पडलेली मी एकदा बघितलीत, पुन्हा बघायची नाहीत.

परवानगीचं थोडक्यात. झाड तुमच्या आवारात असलं तरी १९७५ चा राज्याचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो, आणि तोडायला काय, फांद्या छाटायलाही पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तुमचा अर्ज के-पश्चिम विभाग कार्यालयाच्या उद्यान विभागात. सप्टेंबरात अर्ज टाका, म्हणजे दिवाळीनंतर काम सुरू करता येईल. प्रत्येक झाडाचे फोटो, खोडाचा घेर आणि नेमकी कोणती फांदी, हे लिहून द्या. ‘सर्व झाडे छाटणे’ असं एका ओळीत लिहिलं की पाहणीला आलेला माणूसही वैतागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वेगळा, हेरिटेजचा दर्जा आहे. तुमचे रेनट्री इमारतीच्या आधीचे आहेत असं तुम्ही म्हणता, तेव्हा ते त्यात बसण्याची शक्यता धरूनच चाला. रस्त्यावरचं झाड तुमच्या गेटवर झुकलंय ते पालिकेचं. त्याला तुमच्या माणसाने हात लावू नये, तक्रार करा. वादळात झाड पडलंच तर पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करा, आणि खाली विजेची वायर आहे का हे बघितल्याशिवाय कोणी फांद्या ओढायला जाऊ नये.

‘लाकूड आमचं’ वाल्या ठेकेदाराला नमस्कार करून परत पाठवा. त्याची कमाई तुमच्या झाडाच्या जाड लाकडात आहे, आणि छाटायला हवं ते असतं बारीक टोकांना. मग तो काय कापणार? पैसे देऊन, कामाच्या दिवसावर माणसं घ्या. त्यांच्याकडे हेल्मेट, कंबरपट्टा, दोन दोर आहेत का बघा. विम्याची प्रत मागा. मागितल्यावर जो हसतो त्याला काम देऊ नका. तीस सेंटिमीटर जाड आणि तीन मीटर लांब ओला ओंडका दोनशे किलोच्या आसपास भरतो. तो दोराने उतरवायचा असतो, ‘हो बाजूला’ ओरडून टाकायचा नसतो. पायाला लोखंडी काटे बांधून जिवंत झाडावर चढणाऱ्यालाही नाही म्हणा.

आता तुमची एकेक झाडं. रेनट्रीच्या वरच्या फांद्यांवर पांढरा कापसासारखा थर आहे का, दुर्बीण लावून बघा. तो पिठ्या ढेकूण असतो. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याने मुंबईतले कितीतरी रेनट्री वाळवले. असं वाळलेलं झाड वारा नसतानाही फांदी टाकतं, म्हणून मेलेल्या रेनट्रीच्या बाबतीत भावनिक होऊ नका, रीतसर परवानगी घेऊन काढा. तुमचे दोन्ही हिरवे दिसतात. पार्किंगवर गेलेल्या तीन लांब फांद्यांची टोकं दीड-दोन मीटर मागे आणली की पुरे. अशोकांचे शेंडे कापू नका. ते झाड उंच आणि सडपातळ असतं म्हणूनच वाऱ्यात टिकतं. शेंडा मारला की वर केरसुणी होते आणि पुढचं सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

नारळावर जरा थांबतो, कारण लोकांना भीती त्याचीच जास्त वाटते. २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून एका महिलेचा जीव गेला, तेव्हापासून प्रत्येक सोसायटीत विषय निघतो. नारळ मुळात किनाऱ्याचंच झाड. वाऱ्यात कमान होतो, परत उभा राहतो. त्याला धोका भुंग्यांचा. झावळीवर कात्रीने नक्षी कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंगा. खोडाच्या भोकातून तांबूस चीक गळतोय, चघळलेल्या चोथ्यासारखे तंतू बाहेर येताहेत, तर सोंड्या भुंगा, आणि हा जास्त वाईट, कारण आतून पोखरतो आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मधली सुई, म्हणजे न उघडलेलं कोवळं पान, वाळून हाताने ओढल्यावर सहज निघून आलं, तर ते झाड गेलं. ते काढायला माणूस वर चढवू नका. छाटताना फक्त खाली लोंबणाऱ्या तपकिरी झावळ्या, सुकलेल्या पोयी, म्हणजे फुलोरे, आणि तयार नारळ काढायचे. हिरव्या झावळ्या नको. वर्षाला साधारण बारा-चौदा पानं येतात, तेवढंच त्याचं उत्पन्न. शिवाय आडव्या हिरव्या झावळ्यांवरच घडाचं वजन टेकलेलं असतं. त्या कापल्या की घड लोंबतो आणि देठापासून सुटतो. लोक डोक्यात नारळ पडू नये म्हणून झावळ्या साफ करतात आणि नारळ पडायची सोय करून ठेवतात. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, नारळ काढणारा चांगला माणूस धरून ठेवा. खोडाला दिव्यांच्या माळांसाठी ठोकलेले खिळे फोटोत दिसले. नारळाच्या खोडाला साल आत आणून जखम झाकता येत नाही, ते भोक जन्मभर राहतं. माळा दोरीने बांधा.

वादळानंतर आठवडाभरात समुद्राकडची पानं भाजल्यासारखी तपकिरी होतात. तौक्तेनंतर मला यावरून बरेच फोन आले, झाड मेलं म्हणून. ते खारं वारं असतं. पाइपने पानं आणि बुंध्याभोवतीची जमीन गोड्या पाण्याने धुवा आणि महिना-दीड महिना काहीही कापू नका. डहाळी नखाने खरवडली आणि खाली हिरवं निघालं तर झाड जिवंत आहे.

सोनमोहराच्या जागी पुन्हा सोनमोहर किंवा गुलमोहर नको, कितीही सुंदर फुलला तरी. उंडी लावा. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात शतकानुशतकं उभी आहे, तिच्या बियांचं तेल होड्यांना लावायचे. भेंड चालेल, करंज चालेल, सावकाश वाढायची तयारी असेल तर बकुळ. रोप लावताना पिशवीतल्या मुळांनी आत गोल फेऱ्या मारल्यात का बघा. मारल्या असतील तर ती मुळं उभी कापून मोकळी करा, नाहीतर वीस वर्षांनी तीच झाडाचा गळा आवळतील. बांबूचा आधार रोपाच्या खालच्या तिसऱ्या भागाला, सैल. वर्षभराने काढून टाका. खोड वाऱ्यात हललं तरच जाड होतं.

राहिला खिडकीतला बदाम. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अर्ज केलाय की झाडच तोडा, कारण घरात मुंग्या येतात. बदामाच्या फांद्या मजल्या-मजल्याने आडव्या निघतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. तुमच्या फोटोत खिडकीला लागणारी फक्त झाडाच्या एकाच थरातल्या दोन फांद्यांची टोकं आहेत. ती दोन, जवळच्या उपफांदीपर्यंत मागे आणा, खिडकीपासून दीड मीटर अंतर पडेल. मुंग्या त्या फांदीच्या पुलावरून येत होत्या, त्या थांबतील. अर्जात ‘तोडणे’ लिहिलंय ते खोडून ‘दोन फांद्या आखूड करणे’ लिहा, आणि जमल्यास काकूंनाच त्या दिवशी खिडकीत उभं राहून कुठवर कापायचं ते दाखवू द्या.